कोल्हापूरचं शब्दकोडं घरच्या घरी कसं रचायचं

चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर घ्या. सात बाय सात घरं आखा. पेन नकोच, खाडाखोड भरपूर होते.

एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही एकच घर. म्हणजे ‘पन्हाळा’ला प, न्हा, ळा अशी तीन घरं आणि ‘कोल्हापूर’ला चार. मराठी कोड्याची खरी गंमत इथेच आहे. ‘रंकाळा’ आणि ‘पन्हाळा’ शेवटच्या घरात सहज भेटतात, पण ‘मिसळ’चा ळ त्यांच्यात बसत नाही, काना आड येतो. म्हणून आधी मागच्या पानावर गावातले पंधरा-वीस शब्द अक्षरं फोडून लिहून काढा.

आता मांडणी. दुसऱ्या ओळीत पहिल्या घरापासून आडवं लिहा: खा-स-बा-ग. त्यातल्या ‘स’वरून उभी ‘मिसळ’ उतरवा, मि वर, ळ खाली. शेवटच्या ‘ग’पासून उभं ‘गगनबावडा’ सुरू करा. ते थेट तळाच्या ओळीपर्यंत जातं. त्याच्या ‘बा’वर आडवा ‘जोतिबा’ संपतो आणि ‘डा’वर ‘तांबडा’. दोन समांतर शब्दांमध्ये एक ओळ रिकामी ठेवा. ते चिकटले की मधेच भलतीच अक्षरं शेजारी येतात आणि सोडवणारा अडतो. उरलेली घरं काळी करा, जिथून शब्द सुरू होतो तिथे आकडा घाला.

सूचना लिहायला मात्र वेळ द्या. खासबाग म्हणजे कुस्तीचं मैदान, पण त्यासाठी ‘कोल्हापुरातलं मैदान’ ही सूचना मला फार आळशी वाटते. आपल्या जुन्या हुमणांकडे, म्हणजे तोंडी कोड्यांकडे बघा: ‘इवलंसं कार्टं, घर कसं राखतं?’ उत्तर कुलूप. वस्तूचं नाव न घेता तिचं काम सांगितलंय. तसंच करा. खासबागेसाठी: ‘शाहू महाराजांनी बांधलं, माती लाल, शड्डू घुमतो.’ गगनबावड्यासाठी: ‘करूळ आणि भुईबावडा, दोन्ही घाट इथूनच कोकणात उतरतात.’ तांबड्या रश्शासाठी: ‘पांढऱ्याचा सख्खा जोडीदार, वाटीतून भुरका मारायचा.’ जोतिबासाठी ‘चांगभलं’ हा शब्द घातलात तर शाळकरी पोरगंही क्षणात ओळखेल. थोडं अवघड हवं असेल तर ‘वाडी रत्नागिरीचा धनी’ म्हणा. मिसळीसाठी शब्दाचे दोन्ही अर्थ वापरा: ‘दुधात पाणी घाल, असं सांगताना तोंडात येणारी न्याहारी.’

मग कोडं घरातल्या कुणाला तरी द्या आणि शेजारी गप्प बसा. जिथे पेन्सिल थांबते, तिथली सूचना बदला.

‘पंचगंगा’ पुढच्या कोड्यासाठी ठेवा. गगनबावड्याच्या ‘ग’वर ती बसत नाही, तिला ‘गं’ लागतो. तो ‘गंगावेश’मध्ये पहिल्याच घरात आहे, आणि शहराचा तो भागही नदीकडच्या वाटेवरचाच. सूचना अशी देता येईल: ‘नावात पाच, डोळ्यांना चार.’ कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती दिसतात. पाचवी सरस्वती गुप्त मानतात.