काकडीच्या आधी बांधावर धने पेरा

काकडीच्या वेलावर बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात, किंवा एका टोकाला फुगून दुसरीकडे चिमटलेली निघतात, तेव्हा खताची पिशवी उचलण्याआधी सकाळी आठच्या सुमारास मळ्यात दहा मिनिटं उभे राहा. फुलांवर मधमाशी दिसते का बघा. काकडीचं नर फूल वेगळं, मादी वेगळं. मादी फुलाच्या मागे इवलीशी काकडी असते आणि ते फूल एकच दिवस टिकतं. त्या सकाळी माशीच्या भरपूर फेऱ्या झाल्या तर फळ सरळ भरतं. कमी झाल्या तर वाकडं होतं, झाल्याच नाहीत तर गळून जातं.

बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, कंग्राळी या भाजीपाल्याच्या पट्ट्यात आपण बांध अगदी तासून स्वच्छ ठेवतो. पावसाळ्यात तेरडा, सोनकी फुलते, खानापूरच्या माळावर तर बघत राहावं. पण दिवाळी जवळ आली की ते सगळं वाळतं आणि माशीला खायला काही उरत नाही. काकडी फुलायच्या आधीच तिला शिवारात धरून ठेवायला हवं.

त्यासाठी सगळ्यात भरवशाचं बियाणं स्वयंपाकघरातल्या डब्यात आहे: धने. आधी वीस दाणे ओल्या फडक्यात ठेवून मोड येतात का बघा, जुने धने दगा देतात. मग चपलेने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि बांधालगत तीन फुटांच्या पट्ट्यात फूटभर अंतराच्या ओळींनी अर्धा इंच खोल पेरा. पेरणी हस्ताच्या पावसाचा जोर ओसरला की, काकडीच्या तीन आठवडे आधी करा. काकडीला साधारण पस्तीस-चाळीस दिवसांत फूल येतं, धन्याला पन्नास-साठ लागतात. धन्याच्या पांढऱ्या छत्र्यांवर फुलोरी आणि सातेरी या मधमाश्या येतातच. शिवाय ज्यांची पिल्लं मावा खातात त्या फुलमाश्याही येतात. कोथिंबीर विकायचा मोह होईल. एक ओळ विका, बाकीची फुलू द्या.

सोबत थोडी मोहरी टाका, ती धन्याआधी फुलते. दाणे बारीक, म्हणून मूठभर मोहरीत दहा मुठी वाळू मिसळून विस्कटा आणि वरून फक्त हात फिरवा. कोबी, फ्लॉवर शेजारी असेल तर मात्र मोहरीवरचा मावा आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग यांवर लक्ष ठेवावं लागेल. झेंडू लावायचा तर एकेरी पाकळ्यांचा. हाराचा गच्च गोंडा माशीच्या फारसा कामाचा नाही, पराग सहज हाती लागत नाही.

युरिया या पट्ट्याला देऊ नका. पाला माजतो, फूल उशिरा येतं. पेरणीआधी एक पाणी देऊन तण उगवू द्या आणि खुरपून काढा. गाजर गवत रोपटं असतानाच उपटा. बांधाचा हातभर कोपरा उघडा, न नांगरलेला ठेवा, कारण बऱ्याच एकट्या राहणाऱ्या माश्या मातीतच बिळं करतात.

फवारणी टाळता येत नसेल तर सूर्य मावळल्यावर, माश्या परतल्यावर करा; फुललेल्या पट्ट्यावर तर अजिबात नको. हे मी कळकळीने सांगतो: एका सकाळच्या फवारणीने महिनाभराची मेहनत जाते.

शेवटी धन्याचे वाळलेले पहिले गुच्छ कापून बियाण्यासाठी कापडी पिशवीत ठेवा. बाकीचे झडू द्या.