हाशिमोटो आहे म्हणून कॅन्सरची धास्ती? या चुका टाळा

"अँटी-टीपीओ १३०० आलंय, आता कॅन्सर होणार का?" आठवड्यातून दोनदा तरी हे कानावर पडतं. अँटी-टीपीओ म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी. त्या आकड्यावरून कॅन्सर कळत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटली आहे (हाच हाशिमोटो आजार), एवढंच तो सांगतो. दर महिन्याला तो पुन्हा तपासणं म्हणजे पैसे पाण्यात.

हाशिमोटो आणि पॅपिलरी कॅन्सर (थायरॉईड कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) एकाच ग्रंथीत सापडतात, हे खरं. पण हा संबंध मुख्यतः शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथींत ठळक दिसतो, आणि शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्यांत बऱ्याच जणांबाबत आधीच कॅन्सरचा संशय असतो.

माझा खरा राग 'सहज' केलेल्या सोनोग्राफीवर आहे. एक बाई वर्षभरात चार ठिकाणी जाऊन आल्या. एका रिपोर्टात ६ मिमीची गाठ, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात दोन गाठी, चौथ्यात काहीच नाही. तोवर त्यांची झोप उडालेली, शस्त्रक्रियेची चौकशीही करून झालेली. फाईल उलगडली तर पहिला रिपोर्ट माझाच निघाला! गर्दीच्या दिवशी, फक्त आडव्या छेदात मोजलेला. सुजलेल्या ग्रंथीत काळपट बेटं दिसतात. आडवं पाहिलं की हुबेहूब गाठ, प्रोब उभा फिरवला की विरून जाते. तेव्हापासून दोन्ही छेदांत दिसल्याशिवाय मी 'गाठ' हा शब्द लिहीत नाही, आणि जुन्या फिल्म पाहिल्याशिवाय 'वाढली' म्हणत नाही. तुम्हीही सगळ्या फिल्म सोबत ठेवा, शक्यतो एकाच ठिकाणी जा.

दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी सर्रास आरोग्य तपासणीत शिरली. २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचं निदान १९९३ च्या सुमारे १५ पट झालं. मृत्यू मात्र जवळपास तेवढेच राहिले. या जादा निदान झालेल्यांच्या वाट्याला काय आलं? अनेकांच्या ग्रंथी गेल्या आणि जन्मभराची गोळी लागली.

मग सोनोग्राफी करायची कधी? हाताला गाठ लागली, ग्रंथी एकाच बाजूला फुगली, आवाज बसला तो सुटेना, लहानपणी गळ्याला रेडिएशन मिळालंय किंवा जवळच्या नात्यात थायरॉईड कॅन्सर आहे, तर जरूर करा.

याच्या उलट चूकही पाहिली आहे. काही आठवड्यांत गळा झपाट्याने वाढतोय आणि घरचे म्हणतात, "थायरॉईडच आहे, सुजणारच." हाशिमोटोत थायरॉईडचा लिम्फोमा (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कॅन्सर) होऊ शकतो. विरळा, पण इथे थांबायला वेळ नसतो. गोळीचा डोस वाढवत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर टीएसएच (थायरॉईडचं काम तपासणारा आकडा) खोटाच कमी येऊ शकतो.

आणि सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासायची वेळ आलीच, तर फॉर्मवर 'हाशिमोटो' लिहायला सांगा. या आजारात हर्थल पेशी (फुगलेल्या, बदललेल्या थायरॉईड पेशी) मुबलक दिसतात. माहिती नसेल तर पाहणारा बुचकळ्यात पडतो, रिपोर्ट 'अनिश्चित' येतो आणि सुई पुन्हा टोचावी लागते.