लॉगिन दुसऱ्याचं असलं तरी युजर आपले ठेवा

पहिलं ॲप बांधताना माझा हिशोब सरळ होता: जे तयार मिळतंय ते घ्यायचं. लॉगिन एका सेवेचं, डेटाबेस तिचाच, फोटोही तिच्याच स्टोरेजमध्ये. दोन आठवड्यांत ॲप चालू झालं. तो निर्णय चुकला असं मी आजही म्हणणार नाही. लोकांना हे ॲप हवं आहे का, एवढंच तेव्हा बघायचं होतं.

चूक एका कॉलममध्ये होती. त्या सेवेने प्रत्येक युजरला दिलेला आयडी मी आमच्या टेबलमध्ये जसाच्या तसा प्रायमरी की (टेबलमधल्या प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) म्हणून वापरला. ऑर्डर, कमेंट, सेटिंग, सगळीकडे तोच. दीड वर्षाने सेवेचे दर वाढले आणि आम्ही बाहेर पडायचं ठरवलं, तेव्हा कळलं की आमच्या युजरची ओळख आमच्याकडे नाहीच. ईमेल पत्ते मिळाले, पासवर्डचे हॅश (पासवर्ड ज्या उलट न फिरवता येणाऱ्या रूपात साठवतात ते) मिळाले नाहीत. प्रत्येकाला ‘नवा पासवर्ड ठेवा’ म्हणून मेल धाडावी लागली. बरेच जण परत आलेच नाहीत. ॲपवर त्यांचा काही राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

तेव्हापासून युजरचं टेबल आमचं आणि आयडीही आम्हीच तयार केलेला यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असा लांब आयडी. बाहेरच्या सेवेसाठी वेगळं छोटं टेबल: आपला आयडी, सेवेचं नाव, तिथला आयडी. सुरुवातीला अर्ध्या तासाचं काम आहे. नंतर करायला आम्हाला सहा आठवडे लागले. आणि सेवा निवडतानाच विचारा, पासवर्डचे हॅश एक्स्पोर्ट करू देता का?

पार्सची गोष्ट नव्यांना माहीत असायला हवी. मोबाइल ॲपचं अख्खं बॅकएंड (मागचा सर्व्हर, डेटाबेस, लॉगिन) देणारी ही सेवा फेसबुकने 2013 मध्ये विकत घेतली आणि जानेवारी 2016 मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर्षभराची मुदत दिली, सर्व्हरचा कोड ओपन सोर्स केला, डेटा हलवायचं साधनही दिलं. यापेक्षा सभ्यपणे सेवा बंद होणं अवघड आहे. तरी एक अडचण उरतेच: लोकांच्या फोनवरचं जुनं ॲप अपडेट होईपर्यंत जुन्याच पत्त्यावर विनंत्या पाठवत राहतं. म्हणून ॲपमध्ये सेवेचा पत्ता लिहू नका, आपल्या डोमेनचा लिहा. मागे आपला छोटासा सर्व्हर असला की सेवा बदलताना फोनला हात लावावा लागत नाही.

पोळल्यावर मी उलट्या टोकाला गेलो, तेही सांगतो. मेल सर्व्हर स्वतः चालवायला घेतला. मेल खरंच आपल्या डोमेनची आहे हे पटवणारं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं नीट लावलं, तरी मेल स्पॅममध्ये. सर्व्हरच्या नव्या आयपी पत्त्याला पत नसते आणि ती कमवायला वेळ लागतो. इकडे पासवर्ड विसरलेला माणूस मेलची वाट बघत बसलेला. दोन महिन्यांनी पुन्हा सेवा घेतली. फक्त मेल पाठवण्याचा कोड एकाच फाइलमध्ये आणि पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या डोमेनवरचा. कार्ड पेमेंटच्या वाटेला तर स्वतः जाऊच नका. कार्ड नंबर आपल्या सर्व्हरवर आला की पीसीआय डीएसएसचे, म्हणजे कार्डाच्या माहितीच्या सुरक्षेचे, नियम पूर्ण भाराने अंगावर येतात.

‘एक्स्पोर्टची सोय आहे’ या वाक्यावर विसंबू नका. एक्स्पोर्ट काढा, रिकाम्या डेटाबेसमध्ये भरा, ॲप त्यावर चालवून बघा. आम्ही पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा सगळ्या ओळी बरोबर आल्या, पण फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. डेटाबेसमध्ये आम्ही फोटोचा मूळ पाथ न ठेवता ठरावीक मुदतीची साइन केलेली लिंक साठवत होतो, आणि ती मुदत कधीच संपली होती. आता पाथ ठेवतो, लिंक मागितली की बनवतो, आणि दर तीन महिन्यांनी ही तालीम करतो.