इमेज ४ जीबीवरच अडकते? आधी हे बघा

परवा काकांच्या जुन्या लॅपटॉपच्या सी पार्टिशनची इमेज (म्हणजे अख्ख्या पार्टिशनची जशीच्या तशी कॉपी, एका फाइलमध्ये) घेत होतो, दरवेळी बरोबर ४ जीबीला एरर, मला वाटलं हार्डडिस्कच गेली, जेल रोडवर नवीन घ्यायला निघालोच होतो. मग लक्षात आलं की ज्या पेन ड्राइव्हवर इमेज सेव्ह होतेय तो फॅट३२ (फाइली ठेवायची जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेला आहे, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही! एनटीएफएसमध्ये (विंडोजची नवी पद्धत, तिला ही अडचण नाही) फॉरमॅट केला (आतला डेटा उडतो हं, आधी काढून ठेवा) आणि काम झालं. फॉरमॅट करायचा नसेल तर इमेजचे तुकडे पाडायचा ऑप्शन बघा, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतो.

क्लोनझिला (इमेज घ्यायचं फुकट सॉफ्टवेअर) वापरत असाल आणि ते विंडोजच्या पार्टिशनवरच कुरकुर करत असेल तर बहुतेक फास्ट स्टार्टअपमुळे, कारण त्यात शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, मग क्लोनझिलाच्या पेन ड्राइव्हवरून बूट करा.

रीड एरर येत असेल तर आधी केबल बदला, स्वस्तातला उपाय आहे. तरी येतेय आणि डिस्क टकटक आवाज करतेय तर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) अजिबात चालवू नका, मरतुकड्या डिस्कवर उगाच ताण, त्यापेक्षा डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून डेटा काढायचं टूल) जे निघेल ते दुसऱ्या डिस्कवर काढा. आणि इमेज झाली की व्हेरिफाय करा (नीट झाली का ते तपासा) भिया, काकांची मी दोनदा केली.