ग्रोथ फॅक्टर रिसेप्टरवर बसलाय की प्रोटिओग्लायकनवर, हे कसं ओळखायचं

डेझर्टेशनचे दिवस आले की बायोकेमचं कुणीतरी दांडिया बाजारात आमच्याकडे चहाला येतंच आणि प्रश्न ठरलेला असतो, काका, एफजीएफ-२ कितीही टाकला तरी पेशींवर चिकटतच राहतोय, रिसेप्टर एवढे असतात का? नसतात रे. एफजीएफ-२ हा ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशीला वाढीचा निरोप देणारं प्रथिन, रिसेप्टर म्हणजे तो निरोप आत पोचवणारं पेशीवरचं प्रथिन, आणि प्रोटिओग्लायकन म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या लागलेलं प्रथिन, हेपरान सल्फेट ही त्यातलीच एक साखळी. रिसेप्टर पेशीमागे हजारांच्या हिशोबात असतात आणि हेपरान सल्फेटच्या जागा लाखांत, म्हणजे तुम्ही जे मोजताय त्यातलं बरंचसं प्रोटिओग्लायकनवरचं आहे.

उत्तरायणानंतर बडोद्यातली झाडं बघा, मांजा लोंबत असतो आणि त्यात पतंग अडकलेले. पेशीवर सिंडेकन (चार प्रकार) आणि ग्लायपिकन (सहा) ही प्रोटिओग्लायकन म्हणजे झाडं, त्यांना हेपरान सल्फेटच्या लांब साखळ्या, साखळीवर सल्फेटचा निगेटिव्ह चार्ज आणि एफजीएफवर लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांचा पॉझिटिव्ह पट्टा, म्हणून तो अडकतो. पण या अडकण्याला काम आहे, १९९१ मध्ये दिसलं की हेपरान सल्फेट नसलेल्या पेशींत रिसेप्टर असूनही एफजीएफ-२ नीट बसत नाही, आणि थोडं हेपरिन (हेपरान सल्फेटचीच जवळची, जास्त सल्फेटवाली साखळी) टाकलं की बसतो.

आता वेगळं कसं करायचं. मीठ वापरा. ही पद्धत मॉस्कॅटेलीने १९८७ मध्ये दाखवली आणि अजूनही मला हीच सगळ्यात प्रामाणिक वाटते. लेबल (मोजता येणारी खूण) लावलेला एफजीएफ-२ पेशींवर ४ डिग्रीला ठेवायचा, थंड यासाठी की नाहीतर पेशी तो आत ओढून घेतात आणि मग धुऊन काही निघत नाही. मग थंड बफरने धुवा, त्यानंतर २ मोलर सोडियम क्लोराइड, पीएच ७.५, हे जे निघालं ते प्रोटिओग्लायकनवरचं. मग २ मोलर सोडियम क्लोराइडच पण पीएच ४ वर, आता निघेल ते रिसेप्टरवरचं. दोन्ही वेगवेगळ्या ट्यूबमध्ये गोळा करा, एकत्र केलंत तर सगळी मेहनत वाया. आणि धुणं झटपट, मी तर घड्याळ समोर ठेवूनच करतो.

नुसत्या मिठावर थांबू नका. पेशींना आधी हेपरिनेज-३ (हेपरान सल्फेट कापणारं एन्झाइम) द्या, मग मिठाच्या पहिल्या वॉशमधला आकडा खाली आला पाहिजे. एन्झाइमने खरंच काम केलं का हे ३जी१० अँटीबॉडीने बघा, ती साखळी कापल्यावर उरलेला खुंट ओळखते. दुसरा मार्ग सोडियम क्लोरेट, पण तो सगळंच सल्फेशन (साखळीवर सल्फेट लावणं) बंद करतो, कॉन्ड्रॉइटिन या दुसऱ्या साखळीचंसुद्धा, म्हणून एका प्लेटमध्ये क्लोरेटसोबत जादा सोडियम सल्फेट घाला, बाइंडिंग परत आलं तरच मी विश्वास ठेवीन.

माझे दोन महिने गेले होते ते ट्रिप्सिन या प्रथिन कापणाऱ्या एन्झाइममुळे. प्लेटवरून पेशी ट्रिप्सिनने उचलायचो, मोजायचो, सिंडेकन गायब! ट्रिप्सिन सिंडेकनचा बाहेरचा भागच कापून टाकतं, ईडीटीएने उचला. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिन अँटीबॉडीने बघायची पद्धत) बँडऐवजी धुरकट पट्टा आला तरी घाबरू नका, प्रत्येक रेणूवर साखळ्या वेगवेगळ्या लांबीच्या असतात, हेपरिनेज दिल्यावर तोच पट्टा आवळतो. सिंडेकन की ग्लायपिकन हे बघायचं तर पीआय-पीएलसी हे एन्झाइम द्या, ग्लायपिकन जीपीआय अँकरवर (पडद्यात रोवलेला चरबीचा नांगर, जो हे एन्झाइम कापतं) असतं म्हणून सुटून मीडियात येतं, सिंडेकन पडद्यात आरपार असल्यामुळे जागच्या जागी राहतं.

हेपरिनच्या डोसवर मात्र नीट विचार करा. साखळ्या नसलेल्या पेशींत थोडं हेपरिन सिग्नल वाढवतं आणि जास्त झालं की तेच दाबतं, त्यामुळे एकाच डोसवरून निष्कर्ष काढू नका, पूर्ण रेंज लावा.

टीजीएफ-बीटा या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरवर काम करणाऱ्यांनी हे सगळं जसंच्या तसं लावू नये. त्याला धरणाऱ्या बीटाग्लायकन या प्रोटिओग्लायकनलाही साखळ्या आहेत, पण टीजीएफ-बीटा त्याच्या कोअर प्रोटीनलाच (साखळ्या ज्यावर लागतात ते प्रथिन) धरतो, हेपरिनेज दिलं तरी बाइंडिंग राहतं आणि मुलं समजतात एन्झाइम खराब आहे.

बायोटिन लेबल आपल्याच लॅबमध्ये लावणार असाल तर लेबलिंगच्या वेळी एफजीएफ हेपरिनला बांधून ठेवा, कारण बायोटिन लायसिनवर बसतं आणि साखळीला धरणारे लायसिनही तेच, ते झाकले गेले तर मिठाच्या पहिल्या वॉशमध्ये काहीच येणार नाही.