मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात सस्टेनेबिलिटीचं काम: कोकणात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

लोटे, महाड किंवा रोह्याच्या एमआयडीसीत सिरिंज, कॅथेटर, आयव्ही सेट अशा मालाच्या कारखान्यात रुजू झालात, की पहिल्याच आठवड्यात पॅकिंगचं प्लास्टिक कमी करायची कल्पना सुचेल. ती तूर्त वहीत राहू द्या. निर्जंतुक मालाचं आतलं पॅकिंग बदललं, की सील, निर्जंतुकीकरण आणि शेल्फ लाइफ हे सगळं पुन्हा सिद्ध करावं लागतं. शिवाय मेडिकल डिव्हाइस रूल्स, २०१७ नुसार हा 'मोठा बदल' ठरतो. आधी परवानगी घ्यावी लागते. बाहेरच्या खोक्याचं तेवढं अवघड नाही, पण वाहतुकीची चाचणी त्यालाही चुकत नाही.

सुरुवात हवेपासून करा. क्लीनरूमला (धूळ-जंतूंपासून जपलेल्या उत्पादनाच्या खोलीला) गाळलेली, थंड हवा पुरवणारी यंत्रं, म्हणजे एएचयू, रात्रंदिवस चालतात आणि पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) पंख्याचा वेग २० टक्के उतरवला, की वीज जवळपास निम्मी लागते. मात्र आधी क्वालिटी विभागाकडून चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाची रीतसर नोंद आणि मंजुरी, उघडून घ्या. मग रिकाम्या पाळीत ५-५ टक्क्यांनी वेग उतरवा आणि प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या खोल्यांमधला दाबाचा फरक, तापमान, आर्द्रता, कणमोजणी नोंदवा. आयएसओ क्लास ८ या स्वच्छतेच्या वर्गातल्या खोलीत ०.५ मायक्रॉन आणि त्याहून मोठे कण घनमीटरला ३५,२०,००० च्या आत हवेत. वेग पूर्ववत केल्यावर खोली किती मिनिटांत सावरते, तेही मोजा. तेवढा वेळ गेल्याशिवाय काम सुरू होता कामा नये. क्वालिटीवाल्यांशी बोलायला जाण्याआधी आयएसओ १४६४४-१६ हे मानक वाचा, ते क्लीनरूममधल्या ऊर्जाबचतीवरच आहे.

कोकणात चूक होते ती इथे. जानेवारीत घेतलेली चाचणी जुलैत टिकत नाही. वीज वाचवायला रात्री एएचयू बंदच केला, तर दमट हवा आत शिरते, थंड डक्टवर पाणी सुटतं, फिल्टरला बुरशी धरते. म्हणून वेग उतरवा, बंद करू नका, आणि चाचणी भर पावसात पुन्हा घ्या. याच दमटपणाचा एक फायदा आहे: कूलिंग कॉइलखाली टपकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. ते कूलिंग टॉवरला (यंत्रणेचं गरम पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्याला) वळवा. मे महिन्यात टँकर मागवायच्या दिवसांतही ते मिळतं. उत्पादनाच्या पाण्यात मात्र कधीही मिसळू नका, त्यात जंतू वाढतात.

खाऱ्या वाऱ्यानं एसी यंत्रणेचे बाहेरचे कंडेन्सर कुजतात, कॉइल गळते, गॅस पुन्हा भरला जातो आणि बिल मेंटेनन्सच्या फायलीत जातं. स्कोप १ च्या, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनाच्या हिशेबात तो गॅस धरायला हवा, पण तो राहूनच जातो. आर-४१० ए या एसीतल्या गॅसचा १ किलो गळाला, तर तो सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडएवढा, म्हणजे साधारण ७५० लिटर डिझेल जाळल्यासारखा. दर महिन्याला सिलिंडर वजन करून नोंद ठेवा आणि कॉइल गोड्या पाण्यानं धुवून घ्या.

मोल्डिंगचे रनर (साच्याच्या वाटांमध्ये गोठून उरलेलं प्लास्टिक) आणि नाकारलेला माल कधी एकत्र करू नका. स्वच्छ रनर रिसायकलरला देता येतात. नाकारलेली सिरिंज मात्र कापून, चिरडूनच गेटबाहेर जावी, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत व्हावं. अखंड गेलेला माल भंगारातून रुग्णापर्यंत पोहोचू शकतो.