थंडीत बाईकवर निघताना आधी वारं अडवा
डिसेंबरात नागपूरहून भल्या पहाटे बाईकवर जबलपूरकडे निघणार असाल, तर नुसतं स्वेटरवर स्वेटर चढवू नका. लोकरीतून वारं सरळ आत शिरतं. पारा 10 अंशांवर आणि गाडी ताशी 60 किलोमीटरवर असली, की उघड्या कातडीला जेमतेम 5 अंशांची थंडी लागते. जुना पेपर चार घड्या करून जॅकेटच्या आत छातीवर बसवा, चेन गळ्यापर्यंत ओढा. सगळ्यांत वरून रेनकोट घाला, आभाळ कोरडं असलं तरी!

खरी काळजी हातांची. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला तेच कळत नाही, आणि मनसर सोडलं की पुढे पेंचचं जंगल लागतं. धुक्यातून जनावर कधी आडवं येईल सांगता येत नाही. हातमोज्यांच्या आत पातळ रबरी मोजे घाला. तरीही बोटं वाकेनाशी झाली, तर ‘देवलापारला थांबू’ म्हणत ताणू नका. दिसेल त्या टपरीवर चहाचा गरम ग्लास दोन्ही हातांत धरून बसा. सायलेन्सरवर मात्र हात शेकू नका, बधिर बोटांना चटका उशिरा कळतो.